मुक्या जागा

१७ नोव्हेंबर

मिलुटिनने, आमच्या मालकाने, आज 'लास्ता ७'चं 'नवीन काय' हे पान माझ्या गळ्यात मारलं. "देसा, तू टीव्हीवाली. लोकांना समजेल असं तुलाच लिहिता येतं," म्हणाला. म्हणजे बाकी कुणाला वेळ नाही. तरी मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

लास्ता म्हणजे पाकोळी. हा आमचा प्रोग्रॅम. लोक आपले व्हिडिओ त्यात टाकतात, तो ते दाबून लहान करतो आणि वेबसाइटवर चढवतो. बघणाऱ्याचं इंटरनेट कितीही रडकं असलं तरी चित्र अडकत नाही. सातव्या आवृत्तीत सहा नव्या सोयी आहेत. पाच वुकाशिनच्या डोक्यातून निघाल्या, तो आमचा प्रोग्रॅमर. सहावी माझ्या डोक्यातून निघाली, आणि मी काही प्रोग्रॅमर नाही, नवी आवृत्ती तपासून बघणारी बाई आहे. म्हणून जरा जास्तच मिरवते आहे.

उन्हाळ्यात मी सहज म्हणाले होते की पडद्यावर माणसं बोलतात तोवर लोक बघतात, बोलणं थांबलं की उठून फ्रीज उघडतात. टीव्ही स्टेशनात उभा जन्म टेपा जोडण्यात गेला, मला हे माहीत नसणार? मग त्या मुक्या जागांवर प्रोग्रॅमने कशाला जीव टाकायचा? वुकाशिनने कपाळाला हात लावला आणि कामाला लागला. आता लास्ता आधी व्हिडिओचा आवाज ऐकते. बोलणं चालू असलं की चित्र लख्ख ठेवते, शांतता आली की हात आखडता घेते. फाइल जवळजवळ निम्मी होते. सोयीचं नावच 'मुक्या जागा' ठेवलं आहे.

बेलग्रेडचं एक मोठं बातम्यांचं पोर्टल याच सोयीसाठी आमच्याकडे यायला तयार आहे. ते आलं तर आमचं एवढंसं ऑफिस तरेल. नाही आलं तर काय होईल ते मिलुटिन जिन्यात फोनवर कुणाला तरी सांगत होता. मला अर्धंमुर्धंच कळलं. त्या जिन्यात आवाज फार घुमतो.

२१ नोव्हेंबर

शेजारची स्मिल्याना पुन्हा टीव्हीच्या आवाजावरून भांडायला आली. म्हणे भिंती कागदाच्या आहेत. मला तिच्या घरातलं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, तेव्हा भिंत चांगली जाड आहे. बाईचे कानच नको तितके तिखट आहेत.

नवे हेडफोनही टाकाऊ निघाले. आता स्पीकरवरच काम करते.

वुकाशिनचं एक नवीनच चालू आहे. शेजारच्या टेबलावर बसतो आणि मला मेसेज पाठवतो. "देसामावशी, कॉफी?" अरे, तोंड आहे ना तुला! बोलायचंच झालं तर उठून, टेबलाला वळसा घालून समोर येऊन उभा राहतो, जणू मी पोलीस ठाण्यातली बाई आहे. हुशार आहे पण वळण नाही.

२६ नोव्हेंबर

काही गिऱ्हाइकांना सातवी आवृत्ती वापरून बघायला दिली आहे. त्यांच्या तक्रारी मी वाचते. आजवरच्या सगळ्या नेहमीच्याच होत्या, बटण कुठे आहे, रंग का बदलला वगैरे. आज मात्र बानातच्या एका गावातून आली. बहिऱ्या मुलांच्या शाळेतली शिक्षिका, नाव सेनका, स्वतःही बहिरी. एवढंच लिहिलं होतं: "तुमची नवी पाकोळी आमची बोटं खाते."

तिचा व्हिडिओ लावून पाहिला. हातांच्या खुणांनी शिकवते, धडे शाळेच्या वेबसाइटवर ठेवते. काळा ब्लाउज, मागे पांढरी भिंत. आमचं मोजमाप लावलं तर शंभरात शहाण्णव, म्हणजे उत्तम. भिंत छान, चेहरा ठीक. हात जरा धुरकट. मी स्वतः हे 'पास' करून टाकलं असतं.

कॉफीच्या वेळी मिलुटिनला विचारलं. तो साखर ढवळत म्हणाला, "अगं सोपं आहे. शांतता आहे म्हणून असं होतंय ना? सांग त्यांना, मागे थोडं संगीत लावा म्हणावं."

काय सुचतं या माणसाला! मी लगेच कळवून टाकलं. वरून माझ्या पदरचं घातलं: "हलकं संगीत घ्यावं, शक्यतो गिटार."

२८ नोव्हेंबर

सेनकाचं उत्तर आलं. "सूचनेबद्दल आभारी आहे. वर्गात कुणाला कोणती गिटार आवडते ते मुलांना विचारून कळवते."

मी बुरेक खात होते. आधी नुसतं वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि मग डोक्यात उजेड पडला. बहिऱ्या मुलांच्या बाईला मी गिटार सुचवली. मिलुटिनने नाही, मी. बुरेक तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

५ डिसेंबर

तिने हार मानलेली नाही. संगीत लावून बघितलंच म्हणे, उपयोग झाला नाही, तुमच्या पाकोळीला बोलणंच लागतं. म्हणून आता तिचा नवरा लाझार (त्याला ऐकू येतं, टपाल खात्यात आहे) कॅमेऱ्यामागे बसून वर्तमानपत्र वाचतो. तो वाचतो तोवर तिची बोटं दिसतात. दम खायला थांबला की बोटं गेली.

तिने तो धडा पाठवलाय. अपूर्णांकांचा आहे. बाई सफरचंद कापून पाव, अर्धा, पाऊण दाखवते आहे आणि मागून नवरा मृत्यूच्या जाहिराती वाचतो आहे. त्या संपल्यावर दुसऱ्या फळीतल्या फुटबॉलचे निकाल. तोही मेला पुटपुटतोच, मी आवाज पार शेवटापर्यंत नेला तेव्हा कुठे कळलं. वुकाशिन आपली खुर्ची ढकलत स्वयंपाकघरात निघून गेला. एवढे हसत होतो आम्ही सगळे की मला वाटलं त्याला ठसका लागला.

मग दुसरा व्हिडिओ उघडला आणि हसू गेलं. दुन्या नावाची नऊ वर्षांची मुलगी, घरून गृहपाठ पाठवते. तिच्या घरात वर्तमानपत्र वाचून दाखवणारं कुणी नाही, आईबापही बहिरेच. पडद्यावर मुलगी दिसते, तिची वेणी दिसते, आणि मनगटांच्या पुढे नुसता चिखल. खाली सेनकाने लिहिलं होतं: "हिला मी किती गुण देऊ?"

२२ तारखेला सातवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली होणार आणि जुनी सहावी बंद. त्यानंतर या मुलांना वर्ग नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

८ डिसेंबर

मिलुटिनशी बोलले. वुकाशिनला समोर बसवून बोलले.

वुकाशिन म्हणाला, "दोन रस्ते आहेत. मुक्या जागा काढूनच टाकायच्या, एका दुपारचं काम आहे. नाहीतर लास्ताने ऐकायच्या ऐवजी बघायला शिकायचं. हात हलतोय, चेहरा बोलतोय, हे डोळ्यांनी ओळखायचं. त्याला मार्च उजाडेल."

"काढली तर पोर्टल गेलं," मिलुटिन म्हणाला.

"एखादं बटण ठेव ना. ज्याला नको तो बंद करेल," मी म्हणाले.

"मावशी, ती धाग्याधाग्यात विणलीय. बटणाने उसवत नाही, सगळी काढून जुनीच वीण परत घालावी लागते."

"नव्या वर्षात बघू," मिलुटिन म्हणाला. "तोवर त्या बाईंच्या मेलला उत्तर देऊ नकोस."

मी मान डोलावली. आता इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते: मलाही ती सोय काढायला नको आहे. 'नवीन काय'च्या पानावर ती सहाव्या क्रमांकावर होती, काल मी ती हळूच पहिल्या क्रमांकावर नेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी एखादी कल्पना सुचावी आणि ती एखाद्या बहाद्दराने करून दाखवावी, असं माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा होणार नाही. दुन्याचे हात आठवले की जीव कसनुसा होतो. पान बघितलं की छाती फुगते. दोन्ही खरं आहे.

१४ डिसेंबर

सेनकाचे आणखी मेल. मी उघडले नाहीत.

पाय दुखतात, कोशावा वारा सुटलाय, ऑफिसात शुक्रवारच्या स्लावाची, म्हणजे फर्मच्या रक्षक संताच्या सणाची, गडबड. मिलुटिन यंदा द्रागिशालाही येण्याबद्दल सूचक बोलला आहे, तो पोर्टलचा माणूस. सूचकच, कारण स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, दार उघडं असतं, आणि आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. मिलुटिनच्या डोक्यात आहे की कार्प मासा खाता खाता द्रागिशाला भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सातवी दाखवायची.

१९ डिसेंबर

संत निकोला. आमच्या फर्मची स्लावा. आज सगळं नीट लिहायला हवं.

सकाळी पाद्री येऊन गेले, कोलाच, म्हणजे सणाची गोल पोळी, फिरवून मोडली, वाइन शिंपडली. मेणबत्ती लावली. उपासाचे दिवस, म्हणून मांसाच्या नावाने काही नाही, पण माशांनी टेबल वाकलं होतं. वाल भाजलेले, भाज्या, अक्रोडाच्या वड्या. मिलुटिन यजमान, म्हणजे दिवसभर उभा. स्वतःच्या स्लावाला यजमान बसत नाही. एका हातात ताट, दुसऱ्यात बाटली, "घ्या, घ्या, काहीच घेतलं नाहीत!"

जेवणं अर्ध्यावर आली असतील तेव्हा दारात लाल कोटातली एक उंच बाई उभी राहिली. मागे एक ठेंगणा, गोल माणूस, हातात वाइनची बाटली. बाईने छातीवर क्रूसाची खूण केली, चमच्याने गोड गहू घेतला, मिलुटिनचा हात हातात घेऊन तीनदा गालाला गाल लावला. सगळं रीतसर.

"स्लावा सुखाची जावो, यजमान!" ठेंगणा माणूस म्हणाला. घसा पार बसलेला. "मी लाझार. वर्तमानपत्रवाला. ही माझी बायको सेनका."

मिलुटिनच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं पण डोळे माझ्याकडे वळले. मी काय करणार? मी सरकून जागा केली. स्लावाला आलेल्या माणसाला "आज नको, उद्या या" म्हणणारा सर्ब अजून जन्माला यायचा आहे, आणि ते त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. मेलला उत्तर नाही तर नाही, दार तर उघडं आहे!

लाझारची फार पंचाईत झाली. आम्ही बोललेलं तिला सांगायला त्याला हात लागत, तिने हातांनी सांगितलेलं आम्हाला सांगायला तोंड. आणि समोर मासा. काटा हातात घेतला की सेनका कोपराने ढोसायची, घास तोंडात घातला की मिलुटिन विचारायचा, "काय म्हणाल्या?"

"मासा उत्तम आहे म्हणते."

"एवढंच? त्या केव्हाच्या हात हलवताहेत."

"बाकीचं मी गिळल्यावर सांगतो, यजमान."

सगळे हसले. सेनकाही. मग तिने पर्समधून एक पेनड्राइव्ह काढला आणि वुकाशिनपुढे धरला. या एवढ्या माणसांत संगणकवाला कोण ते तिने कसं ओळखलं देव जाणे. वुकाशिनने मिलुटिनकडे बघितलंसुद्धा नाही. उठला आणि पडद्यावर चाललेलं आमचं सुंदर प्रात्यक्षिक थांबवून तिचं लावलं.

दुन्या. वेणी, स्वेटर, मागे कपाट. मनगटांपुढे चिखल. एवढ्या मोठ्या पडद्यावर तर बघवेना.

सेनका उभी राहिली. लाझारने तोंड पुसलं आणि तिच्या हातांमागून बोलू लागला. "यजमान, ही मुलगी काय म्हणते आहे, सांगा बघू."

"अहो, मला कुठे खुणांची भाषा येते?" मिलुटिन म्हणाला.

"मला येते. मी ती शिकवते. आणि मलाही कळत नाही."

मग सगळे एकदम बोलायला लागले. द्रागिशा काहीतरी म्हणाला, मिलुटिन काहीतरी म्हणाला, कुणीतरी खुर्ची सरकवली. मला एक शब्द धड कळेना. सगळे नेहमीसारखे तोंडातल्या तोंडात. मी याच्या तोंडाकडे बघते तोवर तो दुसराच बोलू लागतो. त्या सगळ्या गलबल्यात एकाच माणसाचं म्हणणं मला स्वच्छ समजत होतं, आणि तिने तोंड उघडलेलं नव्हतं. तिच्या कपाळावर, भुवयांत, दोन हातांत सगळं लिहिलेलं होतं. मुक्या जागा म्हणे! माझ्या आयुष्यात मला कुणी एवढं स्पष्ट बोललेलं नाही.

"माझी सोय काढा!" मी म्हणाले.

सगळे दचकून माझ्याकडे बघायला लागले. मी एवढ्या जोरात का ओरडले कुणास ठाऊक.

"देसा, आज नको," मिलुटिन कार्पचं ताट धरून म्हणाला.

"आजच. उद्या ही इथे नसेल आणि तू मेल वाचायचा नाहीस. मीही वाचले नाहीत. कल्पना माझी होती ना? मग मीच सांगते, ती चुकीची आहे. ही पोरगी बोलतेय, घसा फोडून बोलतेय, आणि आपण म्हणतोय इथे शांतता आहे!"

बोलता बोलता रडू आलं. आलं तर आलं.

मिलुटिनने ताट सेनकासमोर ठेवलं आणि सगळ्यात चांगला तुकडा तिच्या पानात वाढला. "माझ्या स्लावाच्या टेबलावरून आजवर कुणी तोंड पाडून उठलेलं नाही," म्हणाला. "वुकाशिन, उद्या दुपारी काढ."

वुकाशिनचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, हा कधीपासून याचीच वाट बघत होता की काय.

द्रागिशाला वुकाशिनने बघायला शिकणाऱ्या लास्ताचं, मार्चचं, सांगितलं. त्यालाही उठून जाता येईना, ताट भरलेलं होतं. शेवटी म्हणाला, आणि हे मला कळलं कारण त्याने नेमकं माझ्याकडे बघून म्हटलं, "मार्चमध्ये डोळस आवृत्ती दाखवा. तेव्हा आवडली तर घेऊ. आज मी शब्द देत नाही."

"आज शब्द नका देऊ, मासा घ्या," मिलुटिन म्हणाला.

निघताना सेनकाने माझे दोन्ही हात धरले. मग माझ्या कानाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या, काही विचारल्यासारख्या. मी म्हटलं, हो, नवऱ्याने त्रिएस्तेहून आणले होते, खरे मोती आहेत. लाझारने तिला हे सांगितलंच नाही. लालबुंद होऊन टोपी शोधायला लागला. पण बाईला दागिन्यांची पारख आहे.

२२ डिसेंबर

सातवी आली. 'नवीन काय'च्या पानावर पाच सोयी. पहिल्या क्रमांकाची जागा काल पुसली तेव्हा मनाला लागलं, नाही असं नाही. संध्याकाळी सेनकाचा निरोप आला. दुन्याला दहापैकी नऊ. एक गुण कापला तो व्याकरणाचा, आमच्यामुळे नाही.

मिलुटिन म्हणतो हिवाळा कसाबसा काढू. त्याने स्वतःची गाडी विकायला काढली आहे आणि कुणाला कळू नये म्हणून रोज बसने येतो. सगळ्यांना माहीत आहे.

९ जानेवारी

आमचा सात जानेवारीचा ख्रिसमस झाला. वुकाशिनने नव्या आवृत्तीला हात घातला. पण एक अडचण आहे: हात स्पष्ट दिसतात की नाही हे ठरवणार कोण? मोजमापावर तर कुणाचा विश्वास उरला नाही. ती भाषा वाचता येणारं माणूस पाहिजे.

"मी शिकते," मी म्हणाले. "कामासाठी."

"कामासाठीच," तो म्हणाला, आणि मिलुटिनही लगेच हो म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे का पाहिलं ते कळलं नाही. एवढ्या पटकन या ऑफिसात कशालाच परवानगी मिळत नाही.

सेनका दर मंगळवारी व्हिडिओवर शिकवणार आहे.

२७ जानेवारी

माझे हात म्हणजे लाकडाचे ठोकळे. आज 'आजी' म्हणायला गेले आणि सेनका हसून हसून खुर्चीवरून खाली गेली. काय म्हटलं होतं ते सांगायला तयार नाही.

पण तासभर तिच्याशी बोलून उठले तरी डोकं दुखत नाही. माणसांशी बोलून हल्ली मी इतकी थकते, कान देऊन देऊन मान आखडते. इथे तसं होत नाही. मी मंगळवारची वाट बघते आहे हे लिहायला हरकत नाही.

१७ फेब्रुवारी

वुकाशिनचा पहिला प्रयत्न. लास्ता आता हात ओळखते. शिवाय पडदे, झाडाच्या फांद्या आणि एका कुत्र्याची शेपटीही तितक्याच भक्तिभावाने जपते. फाइल फुगून ढोल झाली. मिलुटिन बाहेर जाऊन सिगारेट ओढून आला, आणि त्याने ती सोडली होती.

मला भीती वाटते. आपण मासा वाढून बसलो आणि पुढे दार बंद करायची वेळ आली तर? मीच ओरडले होते सगळ्यांसमोर.

वुकाशिनला म्हटलं, "जमेल ना रे?" तो समोर येऊन उभा राहिला, सावकाश म्हणाला, "मावशी, शेपटीपर्यंत आलोय. आता बोटं फार लांब नाहीत."

५ मार्च

जमलं बहुतेक! शेपटी सुटली, बोटं राहिली. फाइल डिसेंबरच्या मापाच्या जवळ आली आहे. द्रागिशाला बुधवारी दाखवायचं. तोवर मला सगळे नमुने बघून काढायचे आहेत, हात वाचून, एकेक. सेनकाने मुलांना सांगितलंय, रोज काहीतरी पाठवा.

९ मार्च

आज सकाळी दुन्याचा नवा व्हिडिओ आला. स्वयंपाकघरातला. नव्या आवृत्तीतून काढला आणि लावला.

बोटं! दहाच्या दहा. नखंसुद्धा. ती म्हणत होती: माझं नाव दुन्या. आजी झोपली आहे. मी तिच्यासाठी चहा करते आहे. आजीला साखर जास्त लागते, डॉक्टरना सांगू नका. मला सगळं कळलं. कुणाला न विचारता, न थांबवता, पहिल्या झटक्यात. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या पिटल्या. तिच्या मागे किटलीतून वाफ निघत होती आणि ती आपल्या तालात साखरेचं सांगत होती. मी पुन्हा लावला, मग पुन्हा.

तेवढ्यात वुकाशिन दोन्ही कानांवर हात ठेवून धावत आला. मागून मिलुटिन. वुकाशिन काहीतरी ओरडत होता.

"नीट बोल," मी म्हणाले.

तो समोर आला. "ती शिट्टी बंद करा, मावशी! अख्खी इमारत हादरतेय!"

"कसली शिट्टी?"

त्याने पडद्याकडे बोट केलं. किटली. दुन्याच्या मागे किटली वाफ सोडत होती आणि म्हणे शिट्टी मारत होती, कानठळ्या बसतील अशी, माझ्या स्पीकरवर, आवाज शेवटापर्यंत नेलेला, तिसऱ्यांदा.

मी पडद्याकडे पाहिलं. मुलगी निवांत बोलत होती, तिला काही ऐकू येत नव्हतं. मलाही नव्हतं. या व्हिडिओला आवाज आहे हेच मला कळलं नव्हतं. बहिऱ्या मुलीचा व्हिडिओ, त्यात कसला आवाज, असं मी धरून चालले होते.

मी स्पीकरवर हात ठेवला. तो तळव्याखाली थरथरत होता.

मिलुटिनने आवाज बंद केला. वुकाशिन गुडघे मोडून माझ्या खुर्चीसमोर बसला, तोंड माझ्या तोंडासमोर आणून. हा असाच समोर येतो नेहमी. वळण नाही म्हणायचे मी.

"किती दिवस झाले तुला कळून?" मी विचारलं.

"वर्ष झालं असेल."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"स्मिल्यानाबाईंनासुद्धा. एकदा मला बाजारात भेटल्या होत्या."

"आणि सांगितलं नाहीत, गधड्यांनो!"

"तुम्ही ऐकून घेतलं असतं?" तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं काय म्हणाला ते, आणि त्याचा चेहरा असा झाला की मलाच हसू फुटलं. मग मिलुटिनला फुटलं. आम्ही तिघं मूर्खासारखे हसत बसलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे. वुकाशिन येणार आहे बरोबर. मला भीती वाटते, साधीसुधी नाही. म्हातारपणाची, यंत्र लावून फिरायची, स्मिल्याना बरोबर होती याची. टीव्हीतली ती वर्षं, डोक्याला हेडफोन, कानात टेपांची किरकिर, ती कुठेतरी जाऊन बसलीच म्हणायची.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी कॅमेरा सुरू केला. सेनकाला सांगायचं होतं. लिहून सांगता आलं असतं, पण मेल लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दावर बोटं थबकली. म्हणून उभी राहिले, भिंतीला पाठ लावून, आणि हातांनी म्हटलं: माझं नाव देसांका. मला नीट ऐकू येत नाही. हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे.

वाक्य तोडकंमोडकं होतं, हातही कापत होते. नव्या आवृत्तीतून काढलं, चढवलं, आणि पाठवण्याआधी सवयीने तपासलं, आवाजाचं बटण न शोधता. सगळी बोटं स्पष्ट दिसत होती. कापणंसुद्धा. मी 'पास' दाबलं.